शेवट बाहेर ठेवायचा

"भावजी, मला ह्यांचा आवाज आठवत नाहीये," वहिनी फोनवर म्हणाल्या, आणि मागे कुकरची शिट्टी झाली.

ह्यांचा म्हणजे माझ्या मित्राचा. तो त्या वेळी कल्याणच्या घरात, त्यांच्यापासून चार हातांवर, पेपर वाचत बसलेला असणार. माणूस समोर आहे, जेवतो, चिडतो, भाजीत मीठ कमी पडलं तर ताट सरकवतो. फक्त आवाज नाही. डॉक्टरांनी घशाचं ऑपरेशन करून स्वरयंत्र काढलं त्याला बरीच वर्षं झाली. ऊठसूट मोबाइलवर व्हिडिओ काढायची पद्धत घराघरांत यायच्या आधीची ती गोष्ट. सिगारेटी आम्ही दोघांनी मिळून ओढल्या, घसा त्याच्या एकट्याचा गेला. ह्यात न्याय वगैरे शोधायचं मी सोडून दिलंय.

"लग्नाची कॅसेट असेल ना?" मी विचारलं.

"आहे की. पहिल्यापासून शेवटपर्यंत सनई आणि सिनेमाची गाणी. तोंडं हलतात नुसती. आत्ता हलतं तसंच." वहिनी थांबल्या. "काय बोलायचे ते सगळं आठवतं हो. शब्द आठवतात. आवाज लावून बघते मनात, तर लागतच नाही. तुमच्याकडे त्या कॅसेटी आहेत ना अजून? शेवटी हे बोलायचे त्या?"

"आहेत ना!" मी म्हणालो, अगदी रुबाबात. उभ्या आयुष्यात माझ्याकडे दुसरं काही जमलं नाही, पण कॅसेटी आहेत.

आता ह्या कॅसेटींबद्दल सांगायला हवं, आणि ते सांगताना मी शहाणा वाटेन अशी काही सोय नाही. ठाण्याला कॉलेजात असताना आम्ही दोघं एका इंग्लिश रॉक बँडच्या नादी लागलो. बँड तेव्हाच म्हातारा झाला होता. आमची मुंज व्हायच्या आत त्याचे चांगले दिवस संपले होते. पण आम्हाला बाजारात मिळणाऱ्या त्यांच्या छापील, गुळगुळीत कॅसेटी चालायच्या नाहीत. त्या साधी माणसं बघतात. आम्हाला हवं असायचं ते कार्यक्रमात कुणीतरी कोटाखाली कॅमेरा लपवून चोरून केलेलं शूटिंग. हलणारं, तिरकं, मागच्या रांगेतलं. हा माल कधी टपालाने, कधी कुणाच्या चुलतभावाच्या सूटकेसमधून, कॉपीची कॉपी होत होत आमच्यापर्यंत यायचा. तोपर्यंत गायक कोण आणि गिटारवाला कोण हे कपड्यांच्या रंगांवरून ओळखायची वेळ आलेली असायची. कुठल्या गावचा कार्यक्रम, कुठल्या दौऱ्यातला, ह्यावरून आम्ही तासन्‌तास भांडायचो, आणि आम्हा दोघांखेरीज ह्या भांडणाचा निकाल ऐकायला पृथ्वीवर कुणी नव्हतं.

सगळ्यात दुर्मिळ कॅसेटीत तर पूर्ण वेळ एका धिप्पाड माणसाचं डोकं मध्ये आहे. गाणं रंगात आलं की तो उभा राहतो. गिटारवर काय चाललंय ते आम्ही त्या डोक्याच्या हलण्यावरून ताडायचो. गायकापेक्षा आमचा त्या डोक्याशी जास्त परिचय.

रविवारी दुपारी दोन लग्न झालेले पुरुष दारंखिडक्या लावून व्हिडिओ बघतात म्हटल्यावर शेजाऱ्यांनी काय तो अर्थ काढलाच होता. माझ्या सासऱ्यांनीही मला एकदा बाजूला घेतलं. "तुमचं वय आहे, मी काही म्हणत नाही, पण मुलं मोठी होताहेत." मी संतापून त्यांना बसवलं आणि अर्धा तास डोकंवाली कॅसेट दाखवली. जाताना ते मुलीला म्हणाले, "त्यापेक्षा ते बरं होतं गं."

तर, कोरी कॅसेट तीन तासांची. कार्यक्रम दोनेक तासांचा. मी कोरी कॅसेट कल्याणला नेऊन द्यायची, मित्राने तिच्यावर कार्यक्रम उतरवून परत करायची, असा आमचा व्यवहार. त्याच्या घरातून शेजारणीची वाटी रिकामी परत गेलेली मी कधी बघितली नाही. अगदीच काही नसेल तर चिमूटभर साखर. त्याने तेच कॅसेटीला लावलं. मेहुण्याने मस्कतहून आणलेला खांद्यावर घ्यायचा कॅमेरा त्याच्याकडे होता, त्यात मोठी कॅसेट अख्खी जायची. कार्यक्रम उतरवून झाला की हा तीच कॅसेट कॅमेऱ्यात घालायचा आणि उरलेल्या टेपवर काहीतरी भरून द्यायचा. गॅलरीतून दिसणारी खाडी, गणपतीची आरास, समोरच्या गच्चीवर पापड राखत बसलेली आजी. आणि कॅमेऱ्यामागून बोलत राहायचा. माझ्याशी. "ऐक रे, दुसऱ्या गाण्यात ड्रमवाला चुकलाय, तू नेहमीसारखं लक्ष दिलं नसशील..." असं पापडांवर कॅमेरा रोखून चालू. घरच्या बारशा-वाढदिवसाला कॅमेरा काढा म्हटलं की त्याची पाठ दुखायची. कॅमेरा निघायचा तो उरलेली टेप भरायला. माझ्याकडे कॅमेरा नव्हता, म्हणून मी त्याला उतरवून दिलेल्या कॅसेटींच्या शेवटी टीव्हीवरचा शेतीचा कार्यक्रम भरून द्यायचो. कल्याणात शेत नसलेला तो माणूस भातावरच्या किडीबद्दल मला प्रश्न विचारायचा.

त्याचे दोन नियम होते. पहिला, कॅसेट ट्रेनने न्यायची नाही. डब्याखालच्या मोटारीत चुंबक असतं, त्याने टेप पुसते. त्यामुळे माझ्या डोंबिवलीपासून त्याच्या कल्याणपर्यंत आम्ही कायम बसने, खड्डे खात, पिशवी मांडीवर घेऊन.

दुसरा नियम, शेवट बाहेर ठेवायचा. म्हणजे कॅसेट बघून झाली की उलटी फिरवायची नाही, संपलेली आहे तशीच ठेवून द्यायची. मग टेपचा शेवट सगळ्यात वरच्या वेढ्यांत येतो आणि सुरुवात आत, गाभ्यात राहते. हे त्याने कुठल्यातरी परदेशी मासिकात वाचलं होतं. "आपल्याकडची हवा दमट. बुरशी बाहेरून आत येते. खाल्लंच तर शेवट खाईल, गाणी वाचतील," असं त्याने मला समजावलं होतं आणि मी मान डोलावली होती. शेवट म्हणजे कोण बोलतंय तिथे, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आता कुणी हवं तर हसू दे. आम्हाला गाणी वाचवायची होती.

माझ्या बायकोला हा दुसरा नियम कधीच पटला नाही. ती वाढली डोंबिवलीतल्या व्हिडिओ लायब्ररीच्या संस्कारांत. कॅसेट बघितली की रिवाइंड करून ठेवायची, नाहीतर दुकानदार तोंड वाकडं करतो. तिने एकदा डोकंवाली कॅसेट काढून बघितली आणि इमानेइतबारे रिवाइंड करून जागेवर ठेवली. मी केवढा तमाशा केला होता.

"अगं, तुला ती लावायचीच कशाला होती?"

"मला वहिनींचा नवा ओटा बघायचा होता. शेवटी दाखवलाय म्हणाल्या होत्या. गाणी पुढे पळवली मी, काळजी करू नका, एकसुद्धा बघितलं नाही."

मग अबोला, आणि त्या अबोल्यात ती कॅसेट परत पुढे फिरवायची राहून गेली.

फोननंतरच्या रविवारी माळ्यावर चढलो. आमचा वरचा मजला, वर गच्ची. सोसायटीने डांबर लावून लावून गच्ची काळी केली, पण माळ्याच्या भिंतीला ओल आहे ती आहेच. खोके काढले. कॅसेटीच्या खिडकीतून आतली टेप दिसते, ती काळी चकचकीत दिसायला हवी. माझ्या हातातल्या पहिल्या कॅसेटीत वरच्या वेढ्यांवर पांढरी भुकटी होती. पिठीसाखर भुरभुरवल्यासारखी. दुसरीतही. तिसरी मी बघितलीच नाही, एकदम खोका खाली दिला.

बायकोने सगळ्या कॅसेटी जेवणाच्या टेबलावर मांडल्या आणि चष्मा लावून एकेक उजेडात धरली. "अहो, सगळ्यांना बाहेरूनच लागलंय. आत छान आहे."

"हं," मी म्हणालो.

तिने हातातली कॅसेट खाली ठेवली. तिलाही कळलं असावं.

लग्नाच्या जुन्या कॅसेटी पेन ड्राइव्हवर उतरवून देणारा एक जण ठाण्याला तलावाच्या मागच्या गल्लीत आहे. पिशव्या घेऊन निघालो, नियमाप्रमाणे रस्त्याने. शीळफाट्याला बस जी थांबली ती थांबलीच. ट्रेलरच्या रांगेत, उन्हात, कॅसेटींवर घरून आणलेला पंचा टाकून मी बसलो होतो. कंडक्टरने विचारलं, "काय आहे काका, आंबे?" मी हो म्हणालो. खरं सांगितलं असतं तर त्याने काय केलं असतं? ट्रेनने गेलो असतो तर एव्हाना दुकानात पोचलो असतो. आणि ज्याने घालून दिलेला नियम मी पाळत होतो, तो आता मला चूक म्हणायलाही बोलू शकत नव्हता.

दुकानदाराने पहिली कॅसेट उघडली आणि लगेच बंद केली.

"काका, बुरशी आहे. ही लावली तर माझ्या मशीनचं टेप वाचणारं हेड जाईल. वरचे वेढे कापून टाकतो, उरलेलं उतरवून देतो. चालेल?"

"मला वरचेच हवेत," मी म्हणालो. "उरलेलं नको."

तो माझ्याकडे बघत राहिला. गिऱ्हाइकं त्याच्याकडे उलटी मागणी करत नसावीत. मी त्याला सगळं सांगितलं, घशासकट. त्याने मागच्या खोलीतून एक मोडकं मशीन आणलं. "हे गेलं तरी चालेल. एक लावून बघू. कुठली लावू?"

मी खडवलीची काढली. तिच्यावर आमची नदीवरची सहल आहे. बायका-मुलं पाण्यात, आणि हा गुडघाभर पाण्यात उभा राहून, कॅमेरा सगळ्यांवरून फिरवत, बँडच्या तीन ड्रमवाल्यांची तुलना करतोय. एक वाक्य घरच्यांबद्दल नाही. पण बोलणं किती! मध्येच वहिनींच्या भावाने त्याच्यावर पाणी उडवलं तेव्हा त्याने हासडलेली शिवीसुद्धा आहे. वहिनींना तीही चालली असती.

पडद्यावर मुंग्या. नुसत्या मुंग्या आणि खरखर. दुकानदाराने एक बटण फिरवलं, दुसरं फिरवलं. एकदा मुंग्यांतून काहीतरी हिरवं सरकलं. मला पाण्याचा आवाज आला.

"आला! नदी आहे ती."

"मशीनचा आहे तो, काका," तो म्हणाला आणि हळूच बंद केलं.

मग त्याने एकामागून एक कॅसेटी उघडल्या आणि कात्री चालवली. तपकिरी टेपच्या गुंतवळी टेबलाखालच्या बादलीत पडत गेल्या. पापड राखणारी आजी, गणपतीची आरास, खाडी, आणि त्या सगळ्यांवरून बोलत राहिलेला तो. उरलेल्या टेपा त्याने चांगल्या मशीनवर लावून दाखवल्या. कार्यक्रम उत्तम होते. रंग टिकलेले, आवाज स्वच्छ, गायक घामाघूम. मित्राचा नियम शंभर टक्के बरोबर निघाला. बुरशीने शेवट खाल्ला, गाणी वाचली. आणि ही गाणी आता रस्त्यावरच्या कुणाच्याही फोनवर दिसतात, फुकट, ह्याहून दहापट चांगल्या चित्रासकट, मध्ये डोकं नसलेली. आमची पंचवीस-तीस वर्षं आम्ही ह्याची राखण करत बसलो होतो.

"एवढी एकच उलटी आहे," दुकानदार म्हणाला.

डोकंवाली. हिची बुरशी सुरुवातीला होती. पहिलं गाणं आणि दुसऱ्याचा थोडा भाग कात्रीखाली गेला. खोटं कशाला बोलू, त्या वेळीही मला गाण्याचंच वाईट वाटलं. डोक्यासकट हे गाणं जगात दुसरीकडे कुठेही नाही, असा विचार आला. त्यानंतर लाज आली. पुढचा कार्यक्रम पळवला. धिप्पाड माणूस भराभर उठला-बसला, काळा पडदा आला आणि वहिनींचा नवा ओटा दिसला. स्वच्छ. पोपटी कुकर, काचेच्या बरण्या, पंचविशीतल्या वहिनी.

सगळं बघून झाल्यावर मी पेन ड्राइव्ह खिशात टाकला. बादलीतली गुंतवळ एका पिशवीत कोंबून घेतली.

घरी बायकोला ओट्याची फीत दाखवली. तिने दोनदा बघितली.

"हे एवढंच?"

"एवढंच," मी म्हणालो.

"नको देऊ या का?" मीच परत विचारलं. "सांगतो, सगळं गेलं म्हणून."

"द्या," ती म्हणाली. "तुम्ही कोण ठरवणार? आहे ते द्या."

म्हणून आम्ही कल्याणला गेलो. वहिनींनी शिरा केला होता, टीव्हीसमोर खुर्च्या मांडल्या होत्या. मित्र नवा शर्ट घालून बसला होता. त्याच्या मांडीवर मुलांची ती पाटी असते, वरचं पान उचललं की लिहिलेलं पुसतं ती. घशाला लावून बोलायचं यंत्रही मिळालं होतं त्याला. स्टेशनवरच्या घोषणेसारखा आवाज येतो म्हणून त्याने ते पहिल्याच महिन्यात ड्रॉवरमध्ये टाकलं. त्याने पाटीवर लिहून मला दाखवलं: 'खडवली?'

मी मान हलवली. बुरशी कुठे लागली होती ते सांगितलं. त्याने क्षणभर विचार केला आणि तो हसला. त्याचं हसणं म्हणजे आता खांदे हलतात आणि गळ्याच्या भोकातून हवा येते. मग लिहिलं: 'गाणी?'

"एक सोडून सगळी वाचली."

'बघ! मी सांगितलं होतं.' आणि पान उचललं. त्याच्या शब्दांचं सध्या एवढंच आयुष्य असतं.

"तुमचं झालं असेल तर लावा," वहिनी म्हणाल्या. त्या खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या.

मी लावलं. टीव्हीतल्या वहिनी पदर खोचून ओट्याशी उभ्या, माझ्या बायकोला ओटा दाखवत. "हा बघा गं, पूर्ण काळा ग्रॅनाइट. हो ना हो?" त्यांनी कॅमेऱ्याकडे बघितलं.

"हं," कॅमेऱ्यामागून आवाज आला.



"इथे मसाल्याचे डबे. ही ट्रॉली सरकते. ह्यांना म्हटलं खिडकीपर्यंत घ्या ओटा, तर ऐकतील तर शपथ. ऐकलंत का? सांगा ना तिला किती दिवस गवंडी होता."

"हं."

"नुसतं हं काय! बोला की काहीतरी. भावजींशी बोलताना बरं तोंड चालतं." वहिनी हसत होत्या. त्यांनी डबा उघडून दाखवला, नळ सोडून दाखवला. शेवटी कपाळावरचा घाम पुसत विचारलं, "चहा टाकू का?"

"हं."

आणि फीत संपली.

रस्त्यावर कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला. मित्र पाटीवर काहीतरी लिहीत होता. नेहमी तो झरझर लिहितो. ह्या वेळी त्याला वेळ लागला. पाटी त्याने मला नाही, वहिनींना दाखवली. मी शेजारीच होतो, मला दिसली.

'मी एवढंच बोलायचो?'

वहिनींनी चष्मा नसताना ते वाचलं. "माझ्याशी एवढंच," त्या म्हणाल्या. रागाने नाही. गवळ्याचं बिल किती झालं ते सांगतात तशा आवाजात.

त्याने पान उचललं. परत लिहायला पेन टेकवलं, आणि काढून घेतलं. मग उठून गॅलरीच्या दारात जाऊन खाडीकडे तोंड करून उभा राहिला. माझ्या बायकोने माझ्याकडे बघितलं. मला काहीतरी बोलायला हवं होतं. म्हणजे ड्रमवाल्यांबद्दल तो किती बोलायचा, नदीत उभा राहून किती बोलला होता, हे मी सांगू शकलो असतो. पण ते सगळं मला उद्देशून होतं, आणि ते माझ्या घरी एका पिशवीत पडलं होतं.

"शिरा गार होतोय," वहिनी म्हणाल्या. कुणी उठलं नाही. मग त्या पुढे वाकल्या आणि टीव्हीकडे बोट करून हलक्या आवाजात म्हणाल्या, "भावजी, ते शेवटचं परत लावा. चहाचं."

टीव्हीच्या पलीकडे, गॅलरीच्या दारात, त्याचं डोकं आणि रुंद पाठ. दार त्यानेच भरून टाकलं होतं, पलीकडचं काही दिसत नव्हतं.

मी परत लावलं.